ना-हरकत गारवा

मैना एकदाची झोपली म्हणून ऋतुजाने सुटकेचा श्वास सोडला, आणि त्या श्वासाने मैना जागी झाली.

हे त्या दुपारी तिसऱ्यांदा घडत होतं. नऊ महिन्यांची मैना वीस मिनिटं झोपायची, घामाने निथळून उठायची आणि पुढचे दोन तास ‘मला इथे आणायचं कुणी ठरवलं?’ असा चेहरा करून रडायची. तिचंही काही चुकत नव्हतं. धायरीतल्या ‘पर्णकुटी हाइट्स’च्या बी विंगमध्ये, सातव्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर ही मंडळी राहत. सकाळी अकरापासून स्लॅब तापायला लागे आणि दुपारी तीन वाजता घरात उभं राहिलं, की कुणीतरी टाळूवर तवा धरला आहे असं वाटे. मैनाच्या इवल्याशा मानेवर घामोळं उठलं होतं. ऋतुजा त्यावर फुंकर घालत बसायची, आणि तिच्या लक्षात यायचं की फुंकरही गरमच आहे.

शिवाय पंधरा जूनला ऋतुजाची शाळा सुरू होणार होती. ती आठवीला मराठी शिकवत असे. ती शाळेत गेली की मैना सासूबाईंकडे, म्हणजे यमुनाबाईंकडे. आणि झोप झालेली मैना म्हणजे साखरेचं पोतं असलं, तरी झोप न झालेली मैना यमुनाबाईंच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. तेव्हा जूनच्या आत या मुलीला दुपारी नीट झोप लागली पाहिजे, एवढीच ऋतुजाची या जगाकडून अपेक्षा होती. जगाला ती फार वाटली, हा भाग वेगळा.

“एसी बसवू,” तिचा नवरा इंद्रजीत म्हणाला. तो मेकॅनिकल इंजिनिअर होता आणि उष्णतेच्या विषयात त्याला अठ्ठ्याऐंशी मार्क होते, हे तो लग्न ठरताना एकदा आणि नंतर दर उन्हाळ्यात सांगत असे. “त्यात आहे काय? एक भोक पाडायचं, चार स्क्रू पिळायचे.” एवढं बोलून तो हिंजवडीला त्याच्या थंडगार ऑफिसात निघून गेला. या कथेतला त्याचा वाटा जवळजवळ एवढाच.

यमुनाबाई मूळच्या अकोल्याच्या. पुण्याच्या उन्हाकडे त्या धाकट्या जावेने केलेल्या भाजीकडे पाहावं तशा पाहत.

“याले तुमी ऊन म्हनता काय व?” त्या म्हणाल्या. “आमच्या अकोल्यात असं ऊन पडलं त लोकं स्वेटर शोधतेत. कूलर आना. वाळ्याचा.”

कूलर आणला. तो सुरू केल्यावर हेलिकॉप्टर उतरल्यासारखा आवाज झाला, वाळ्याचे दोन तुकडे उडून यमुनाबाईंच्या चहात पडले आणि मैना आनंदाने टाळ्या पिटत दीड तास टक्क जागी राहिली. कूलर गॅलरीत गेला. त्याच्यावर आता कांदे ठेवतात.

मग ऋतुजा सोसायटीच्या ऑफिसात गेली.

सेक्रेटरी बद्रीनाथकाका हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून सुरक्षा विभागात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. जगातली प्रत्येक वस्तू ही मुळात स्फोटक असून केवळ योग्य कागदपत्रांमुळे ती शांत राहते, अशी त्यांची श्रद्धा होती. ऋतुजाने ‘एसी’ असं म्हणताच त्यांनी चष्मा बदलला आणि कपाटातून एक चौदा कलमी पत्रक काढलं. मथळा होता : ‘वातानुकूलन यंत्र बसविणेबाबत नियम (सुधारित)’.

“सुधारित म्हणजे आधी किती होते?” ऋतुजाने विचारलं.

“अकरा,” काका अभिमानाने म्हणाले. “अर्ज करा. साध्या कागदावर. पण साधा करू नका.”

अर्ज! ऋतुजा मनातल्या मनात हसली. सहा वर्षं ती आठवीच्या पोरांना अर्जलेखन शिकवत होती. मैनाला मांडीवर घेऊन, एका हाताने तिच्या तोंडातून पेनाचं टोपण काढत, तिने असा अर्ज लिहिला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. विषय, संदर्भ, महोदय, आपली विश्वासू, सगळं जिथल्या तिथे. मध्ये ‘बाळाची होणारी तगमग आम्हां पालकांना पाहवत नाही’ हे वाक्य तर तिचं तिलाच इतकं आवडलं की तिने ते यमुनाबाईंना वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. समासात पेन्सिलीने शेरे होते. ‘कृपया दोनदा आले आहे.’ ‘तगमग : भावनिक. टनेज लिहा.’ आणि खाली, अधोरेखित : ‘अक्षर सुधारावे.’

ऋतुजा तो कागद हातात धरून बराच वेळ दारात उभी होती. दुसऱ्यांच्या मुलांचे हजारभर अर्ज तिने तपासले होते. आज तिचा तपासला गेला होता, आणि मार्क दिलेच असते तर दहापैकी चार पडले असते. पहिल्या बाकावरची जी मुलगी साडेसात मार्क पडले तरी रडते, तिच्याबद्दल ऋतुजाला त्या दिवशी प्रथमच माया वाटली.

दुसरा अर्ज तगमग वगळून गेला. त्यावर काकांनी सुचवलं, की वैद्यकीय कारण असेल तर अर्ज वर घेता येईल. डॉक्टरांचं पत्र आणा. मैनाच्या डॉक्टरबाईंनी तत्परतेने लिहून दिलं : ‘बाळास घामोळे आहे. खोलीत हवा खेळती ठेवावी.’

काकांनी ते दोनदा वाचलं. “म्हणजे खिडकी उघडा म्हणताहेत. खिडकीला आमची हरकत नाही.”

शेवटी कारणाचा रकाना कोरा ठेवून अर्ज दाखल झाला आणि गाडी नियम पाचवर आली. त्यानुसार शेजारच्या, खालच्या आणि वरच्या सदनिकाधारकांच्या ना-हरकत सह्या आवश्यक होत्या. शेजारी खुद्द बद्रीनाथकाकाच राहत. हे काम तरी चुटकीसरशी होईल म्हणून ऋतुजाने तिथल्या तिथे कागद पुढे केला.

“शेजारी म्हणून माझी काही हरकत नाही,” काकांनी सही केली. मग कागद उलटा फिरवून स्वतःकडे घेतला. “आता सेक्रेटरी म्हणून मला शेजाऱ्याची सही पडताळावी लागेल. परवा या.”

खाली सहाव्या मजल्यावर संपतनाना. ही इमारत उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांची. त्यामुळे सोसायटीत कोणाच्याही घरी ते पाहुण्यासारखे शिरत नसत, मालकासारखे शिरत. ऋतुजा कडेवर मैनाला घेऊन गेली तेव्हा ते बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीशी बसले होते.

“पोरी, तुझ्या एशीचं पानी कुटं पडनार?”

“पाइपातून खाली जाईल, नाना.”

“खाली म्हंजी? खाली तर मीच हाय!”

“नाही, पार खाली. पावसाच्या पाइपातून गटारात.”

नानांनी कपाळावर हात मारला. “हितं माझी ज्वारी हुती. पानी लागंना म्हनून रान इकलं. आन् आता तुझं मशीन हवंतनं पानी काढनार, ते तू गटारात घालतीस? ते न्हाई चालायचं. माझ्या कढीपत्त्याला सोड. मग सही.”

ऋतुजाने ही अट काकांना कळवली. काकांनी नियम नऊवर बोट ठेवलं : ‘यंत्राचे पाणी केवळ पावसाच्या पाइपात सोडावे.’ नाना वर आले. काका खाली गेले. दोघे जिन्यात मध्येच भेटले आणि तिथे पाऊण तास बोलले. अखेर ठराव झाला, की पाणी पावसाच्या पाइपातच जाईल. मात्र जाता जाता त्याला वाटेत कढीपत्ता लागल्यास समितीची हरकत राहणार नाही.

राहिली वरच्या शेजाऱ्याची सही. वर गच्ची होती.

ऋतुजाने त्या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहिलं. अर्ज परत आला. शेरा : ‘लागू आहे की नाही हे अर्जदाराने ठरवू नये.’

“अहो काका, पण वर कोणी राहतच नाही!”

“गच्ची सोसायटीच्या मालकीची आहे. म्हणजे तिथे सोसायटीची सही लागेल.”

“मग करा ना तुम्ही.”

“सोसायटी सही करते ती तिन्ही सह्या पूर्ण झाल्यावर. तुमच्या दोनच आहेत.”

ऋतुजाने शांतपणे विचार केला. तिसरी सही मिळायला सोसायटीची सही हवी होती, आणि सोसायटीची सही मिळायला तिसरी सही हवी होती. व्याकरणाच्या पुस्तकात असलं वाक्य आलं असतं तर तिने त्याला लाल रेघ मारली असती. इथे तिला फक्त मैनाचं नाक पुसता आलं. मैना काकांच्या टेबलावरचा शिक्का चाटत होती.

या कोंडीतून वाट काढली ती यमुनाबाईंनी. त्या गुडघे धरत धरत गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या होत्या आणि अर्ध्या तासाने हातात एक ओली कुरडई घेऊन परतल्या.

“वरतं कोनी राहत नाही म्हने! राहते की! मथुराबाई सकाळपासून तिथंच हाय. अर्धी गच्ची तिच्या ताब्यात हाय बाप्पा. मले पायसुद्धा ठेवू देत नोती.”

चौकशीअंती असं निघालं, की चौथ्या मजल्यावरच्या मथुराबाईंनी उन्हाळी वाळवणासाठी एक एप्रिल ते पंधरा मे गच्ची वापरण्याची लेखी परवानगी घेतली होती. त्यावर तारीख होती, जावक क्रमांक होता, आणि खाली सही होती बद्रीनाथकाकांचीच. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांनी पाहिलं, तर ऋतुजाच्या डोक्यावर सध्या मथुराबाई राहत होत्या.

काकांनी ते परवानगीपत्र उजेडात धरून पाहिलं. त्यांच्यातला सेक्रेटरी आणि त्यांच्यातला सुरक्षा अधिकारी यांच्यात काही काळ झटापट झाली असावी. मग ते म्हणाले, “ग्राह्य.”

मथुराबाईंनी हात पदराला पुसून रकान्यात लिहिलं : ‘कुरडया वाळेपर्यंत हरकत नाही.’

“वाळल्यावर?” ऋतुजाने घाबरून विचारलं.

“वाळल्यावर मी कशाला येतेय गं वर मरायला? हे घे, चीक खा. बाळाला नको देऊ, मीठ आहे.”

आता वीज. एसी बसवायचा तर मंजूर भार वाढवून घ्यायला हवा, असं नियम अकरा सांगत होता, आणि त्यासाठी वीज कार्यालयात दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला कळलं की बिल अजून आधीच्या मालकांच्या नावावर आहे. दुसऱ्या खेपेला, नाव बदलायचा अर्जही सोबत होता तेव्हा, खिडकीपलीकडच्या बाईंनी मैनाला पाहून “अगं बाई, किती घामोळं!” म्हणत स्वतःच्या डोक्यावरचा पंखा तिच्याकडे वळवला, रांगेतल्या तीन माणसांना थांबवलं, मुलतानी मातीचा लेप सांगितला आणि दोन्ही अर्जांवर शिक्काही मारला. ऋतुजा बाहेर येऊन पायरीवर बसली आणि उगीचच तिचे डोळे भरून आले. सरकारी ठिकाणी कोणी बरं वागलं की माणसाला सवय नसल्यामुळे असं होतं.

आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एकदाचा सूरज आला. सूरज हा एसीचा कारागीर. बारा वर्षं या धंद्यात, कानामागे पेन्सिल, बोलणं कमी.

भोक कुठे पाडायचं हे मात्र त्याच्या हातात नव्हतं. इमारतीच्या दर्शनी बाजूला यंत्र दिसता कामा नये म्हणून बाहेरचा भाग आतल्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या बोळात, बसवायचा होता. आणि भिंतीवर खूण करायची होती ती सेक्रेटरींनी, नकाशा पाहून.

आता नकाशाची गंमत अशी, की सोसायटीकडे नकाशा होता फक्त ए विंगचा. बी विंग ही ए विंगची उलटी प्रत असल्यामुळे ‘ए विंगचा नकाशा आरशात पाहावा’ अशी टीप त्यावर लिहून पूर्वीच्या समितीने काम भागवलं होतं. त्यानुसार बद्रीनाथकाका स्टीलची टेप घेऊन ऋतुजाच्या बेडरूममध्ये आले, ड्रेसिंग टेबलाच्या आरशासमोर नकाशा धरला, टिकल्यांच्या पाकिटांमधून डोळे बारीक करून डक्ट हुडकला, “आरशात डावीकडे!” असं जाहीर केलं, पाठीमागे वळले आणि डावीकडच्या भिंतीवर खडूने फुली मारली.

वळल्यावर डावं उजवं होतं हा बारकावा त्या क्षणी खोलीत कोणाच्याच ध्यानात आला नाही. मैना सोडून. ती उजव्या भिंतीकडे पाहून ‘द्दा’ म्हणाली; पण तिचं कोण ऐकतो?

“काका, डक्ट इस साइडला नाय वाटत,” सूरज भिंतीवर टिचकी मारत म्हणाला. “आवाज भरीव येतोय.”

“बत्तीस वर्षं मी नकाशे वाचले आहेत.”

“मार्किंग तुमची. नंतर माझ्या नावाने बोंब नको.”

ड्रिल मशीन सुरू झालं. भिंत थरथरली, धूळ उडाली. मैना यमुनाबाईंच्या मांडीवर खदखदा हसत होती. पाच मिनिटांनी मशीन आरपार गेलं. सूरजने सिमेंटचा गोळा ओढून काढला, फुंकर मारली, आणि काका ऐटीत पुढे होऊन भोकाला डोळा लावून वाकले.

“डक्टमध्ये निळी बादली कोणी ठेवली?” ते कडाडले. मग म्हणाले, “आत प्लास्टिकचा मग पण आहे.” मग दुसरा डोळा लावून पाहिलं. आणि अगदी हळू म्हणाले, “माझा आहे.”

भोक बद्रीनाथकाकांच्या बाथरूममध्ये पडलं होतं.

यमुनाबाईंनी त्यांना बाजूला सारून स्वतः पाहिलं. “अहो सेक्रेटरी, तुमचा नळ गळून राह्यला!”

गवंडी तीन दिवसांनी येणार होता. मधल्या काळात दोन्ही बाजूंनी कापडाचे बोळे कोंबण्यात आले; पण आवाज काही बोळ्याला जुमानत नाही. काका रोज सकाळी सहाला अंघोळ करताना खणखणीत आवाजात स्तोत्रं म्हणत. पहिल्या दिवशी ती भिंतीतून थेट मैनाच्या पाळण्यात उतरली, मैना उठून बसली आणि भिंतीला ‘द्दा’ म्हणाली. पलीकडचं स्तोत्र गपकन थांबलं. दुसऱ्या दिवशी काकांनी अत्यंत चोरट्या आवाजात अंघोळ केली. मैनाने ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला भिंतीतून खाकरल्याचा आवाज आला, आणि मग कोणी ऐकत नाही अशा समजुतीने केलेली हळुवार विचारणा : “मैनाबाई, उठलात का?”

ऋतुजाने डोक्यावरून चादर ओढली आणि हसू दाबलं. इंद्रजीतला उठवून सांगावंसं तिला वाटलं. पण काही गोष्टी आपल्याशीच ठेवाव्यात.

गवंड्याने ते भोक बुजवलं. दुसरं भोक सूरजच्या टिचकीच्या भरवशावर उजव्या भिंतीत पडलं, ते थेट डक्टमध्ये. यंत्र बसलं, तांब्याच्या नळ्या जोडल्या गेल्या, आणि तपासणीच्या दिवशी दुपारी अडीच वाजता सगळी मंडळी ऋतुजाच्या बेडरूममध्ये जमली. काका पॅड घेऊन, संपतनाना पाणी पाहायला, मथुराबाई कुणी न बोलावता.

आणि तिथे काकांनी नियम चौदा वाचून दाखवला. पूर्णत्वाचा दाखला समितीच्या सभेत मिळणार. सभा पुढच्या महिन्याच्या चौथ्या रविवारी. तोवर यंत्र वापरायचं नाही. फक्त आज चाचणीपुरतं सुरू करायचं आणि पंधरा मिनिटांनी बंद.

ऋतुजाने मनातल्या मनात दिवस मोजले. पुढच्या महिन्याचा चौथा रविवार! तोपर्यंत शाळा उघडून आठवडा लोटलेला असणार होता. तिला खूप काही बोलायचं होतं. तगमग हा शब्द तर ओठांवरच होता. पण मैना सकाळपासून झोपली नव्हती, डोळे चोळत, किरकिरत तिच्या खांद्यावर लोळत होती, आणि काका म्हणत होते, “वीज भाराचं पत्र दाखवा.” पत्र कपाटाच्या वरच्या खणात होतं. सगळ्यांत जवळ काकाच उभे होते. ऋतुजाने मैनाला काकांच्या हातात दिलं आणि ती स्टूलवर चढली.

सूरजने रिमोट दाबला. काकांनी घड्याळ पाहिलं. “दोन अडतीस. चाचणी सुरू.”

यंत्र हलकेच घुमलं. खोलीतल्या माणसांनी नकळत माना वर केल्या. पडदा किंचित हलला. मथुराबाईंनी पदर सैल केला आणि त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. संपतनाना “आयला, महाबळेश्वरच की” असं पुटपुटले. ऋतुजा पत्र घेऊन खाली उतरली तेव्हा कोणी पत्राकडे पाहत नव्हतं.

मैनाने काकांच्या खिशातलं पेन मुठीत धरलं होतं. तिने एक जांभई दिली, काकांच्या दंडावर गाल टेकला, दोनदा तोंड हलवलं, आणि तिचे डोळे मिटले. मानेवरचा घाम सुकत चालला होता. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा राग एकेक करून उतरला, आणि खाली राहिली ती नऊ महिन्यांची, गार, गाढ झोप. काका पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. म्हणजे ते एकेका इंचाने इतक्या जपून बसले, जसं काही हातात सुरुंग आहे.

“काका,” सूरज म्हणाला, “दोन त्रेपन्न. पंधरा मिनिटं झाली. बंद करू?”

खोलीत कोणी हललं नाही. ऋतुजाने श्वास रोखून धरला. आज तो सोडायची तिची हिंमत नव्हती.

काकांनी मांडीवरच्या नियमांकडे पाहिलं. मग दंडाकडे. मग अगदी कुजबुजत विचारलं, “तापमान किती दाखवतंय?”

“सत्तावीस.”

“आणि लावलंय कितीवर?”

“सव्वीस.”

“मग चाचणी पूर्ण कुठे झाली?”

मथुराबाईंनी तोंडाला पदर लावला. संपतनाना पाणी पाहण्याचं विसरून जमिनीवर मांडी घालून बसले. यमुनाबाई दारात उभ्या होत्या, त्या ‘बाप्पा’ असं म्हणणार होत्या. काकांनी डोळे वटारताच त्यांनी ते गिळलं. घड्याळाचा काटा तीनच्या पुढे गेला. बाहेर धायरीचं ऊन भिंतीवर डोकं आपटत होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी सूरज पुढे वाकला. “काका, सव्वीस आलं.”

काकांनी मैनाच्या कपाळावरची एक बट डाव्या हाताच्या बोटाने मागे सारली.

“पंचवीस लाव,” ते म्हणाले.